समुद्राला जाणारं पाणी वाया जात नाही

आपल्या भागात पाण्याच्या कुठल्याही सभेत एक वाक्य हमखास टाळ्या घेऊन जातं. "इतके टीएमसी पाणी समुद्राला वाया चाललंय!" (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट.) पक्ष कुठलाही असो, वक्ता कुणीही असो. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर सोसलेल्या कोल्हापूरकराला ते पटतंही. ऑगस्टमध्ये आपल्या घरात शिरलेलं पाणी आटपाडीच्या किंवा जतच्या शिवारात पोचलं असतं तर किती बरं झालं असतं, ही हळहळ खरी आहे आणि तिच्यात खोट नाही. पण समुद्रापर्यंत पोचलेला प्रत्येक थेंब फुकट गेला, ही समजूत मात्र साफ चुकीची आहे. नदीने समुद्राकडे ढकललेलं पाणी मोठं काम करत असतं. ते खारं पाणी मागे रेटून धरतं. तो रेटा कमी झाला की किनाऱ्याजवळचे गोड्या पाण्याचे तलाव, पाणथळ जागा, विहिरी एकेक करून खाऱ्या होऊ लागतात. त्यातल्या काहींचा संबंध थेट आपल्या पंचगंगेशी आहे.

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती एकत्र येऊन प्रयाग चिखलीला पंचगंगा होते, नृसिंहवाडीला ती कृष्णेला मिळते, इथवर आपल्याला पाठ असतं. पुढचा प्रवास आपण क्वचितच मनात आणतो. अलमट्टी, नारायणपूर, श्रीशैलम, नागार्जुनसागर अशा धरणांतून अडत अडत कृष्णा विजयवाड्याच्या प्रकाशम बंधाऱ्यावर येते. तिथून कालवे फुटतात आणि त्या कालव्यांचं, शेतांतून निथळलेलं काही पाणी कोल्लेरू नावाच्या सरोवरात उतरतं. कृष्णा आणि गोदावरी यांच्या त्रिभुज प्रदेशांच्या मधल्या खोलगट भागातलं हे सरोवर देशातल्या सर्वांत मोठ्या गोड्या पाण्याच्या सरोवरांपैकी एक आहे. १९९९ मध्ये त्याचा ३०८ चौरस किलोमीटरचा भाग अभयारण्य म्हणून जाहीर झाला, २००२ मध्ये ते आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं. झोळीवाले पेलिकन, चित्रबलाक, हिवाळ्यात उत्तरेकडून येणारी बदकं या पाण्यावर जगतात. माणसंही जगतात.

कोल्लेरूचं पाणी समुद्राला नेणारा एकच मोठा प्रवाह आहे, उप्पुटेरू. सरोवर भरलेलं असतं तेव्हा तो समुद्राकडे वाहतो. उन्हाळ्यात सरोवराची पातळी खाली गेली की भरतीचं पाणी त्याच वाटेने उलटं आत चढतं. याला कुणी दार तोडायला लागत नाही, की मोठं वादळ यायला लागत नाही. वरून येणारं गोडं पाणी कमी पडलं, एवढंच पुरतं. त्यात सरोवराच्या तळातच मत्स्यतळ्यांचे बांध घातले गेले, पाण्याच्या वाटा अडल्या. २००६ मध्ये सरकारने मोठी मोहीम काढून हजारो एकरांतली ती तळी फोडली, तरी पुढे अतिक्रमणं परत झालीच. आता उप्पुटेरूवर दारं बसवावीत अशी मागणी तिथे वारंवार होते. दारांविषयी पुढे बोलतो.

खारं पाणी आत घुसतं म्हणजे नेमकं काय होतं, हे थोडं उलगडून सांगायला हवं. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यामुळे ते गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असतं. जड असल्याने ते तळाने सरपटत पुढे येतं. वर गोडं पाणी दिसत राहतं आणि खाली खाऱ्याची पाचर नदीत किलोमीटरच्या किलोमीटर चढत जाते. जमिनीखालीही हाच खेळ असतो. किनाऱ्याजवळच्या वाळूत भूजलाची पातळी समुद्रसपाटीपेक्षा एक मीटर वर असेल, तर त्या जोरावर खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत गोडं पाणी टिकतं. उलटं गणितही तितकंच खरं आहे. उपसा करून वरची पातळी एक मीटरने घटवली, तर खालचं खारं पाणी चाळीस मीटर वर यायला निघतं. विहीर एकदा खारी झाली की एका पावसाळ्यात ती धुऊन निघत नाही. आणि हे सगळं व्हायला फार मिठाची गरजही नसते. शंभर लिटर गोड्या पाण्यात दोन लिटर समुद्राचं पाणी मिसळलं, तरी पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने ठरवलेली लिटरला अर्ध्या ग्रॅमची इष्ट मर्यादा ओलांडली जाते.

२०२२ च्या उन्हाळ्यात इटलीतल्या पो नदीत हेच घडलं. २०२३ मध्ये अमेरिकेत मिसिसिपीसारख्या अजस्र नदीतही घडलं, आणि न्यू ऑर्लिन्सचं पिण्याचं पाणी वाचवायला नदीच्या तळाशी आडवा बांध घालावा लागला. समुद्राची पातळी १९०१ पासून सुमारे वीस सेंटिमीटर वाढली आहे आणि वाढीचा वेगही वाढतो आहे. म्हणजे पुढच्या काळात खारं पाणी अडवायला नदीचा रेटा आजच्यापेक्षा जास्त लागणार आहे.

आपण मात्र हिशोब लिहिला तो असा. कृष्णेच्या पाण्याचा राज्यांमधला तंटा सोडवणाऱ्या बच्छावत लवादाने १९७३ मध्ये कृष्णेचं ७५ टक्के विश्वासार्हतेचं, म्हणजे शंभरातल्या पंचाहत्तर वर्षांत तरी मिळेल असं पाणी २०६० टीएमसी धरलं. त्यातलं ५६० महाराष्ट्राला, ७०० कर्नाटकाला आणि ८०० आंध्र प्रदेशाला दिलं. बेरीज करून पाहा. २०६० पैकी २०६० वाटून झालं. नदीसाठी, तिच्या मुखासाठी, कोल्लेरूसाठी एक टीएमसीही शिल्लक ठेवलं नाही. जास्त पावसाच्या वर्षी जे उरेल, तेही वापरायची मुभा शेवटच्या राज्याला, म्हणजे आंध्रला होती. त्या काळच्या समजुतीप्रमाणे हे रीतसरच होतं, कुणाचा वाईट हेतू नव्हता. पण परिणाम चुकला नाही. २००० नंतर जी दुष्काळी वर्षं आली, त्यांत कृष्णेचं समुद्राला मिळणारं पाणी जवळजवळ आटलं. धरणांत अडल्यामुळे गाळही पोचेना, त्यामुळे त्रिभुज प्रदेशाची जमीन नव्याने भरेना. दुसऱ्या लवादाने २०१० च्या निवाड्यात नदीच्या किमान प्रवाहाचा विचार केला, पण तो निवाडा सुप्रीम कोर्टात अडकला.

कुणी म्हणेल, आंध्रातल्या सरोवराचं आंध्रवाले पाहून घेतील, शिरोळच्या शेतकऱ्याने त्याची काळजी का करावी? मला वाटतं, ही गोष्ट महाराष्ट्रात सगळ्यात आधी कुणाला कळायला हवी असेल तर ती शिरोळच्याच शेतकऱ्याला. कारण गोड्या पाण्याची वाट बंद केली की मीठ कसं वर येतं, हे त्याने स्वतःच्या रानात पाहिलं आहे.

कृष्णा, वारणा, पंचगंगा, दूधगंगा अशा चार नद्यांचा हा तालुका. खोल काळी जमीन, नदीवर उपसा, वीज आली की मोटर सुरू आणि पाटाने ऊस पाजणं. अशा जमिनीतून आता मार्च महिन्यात चालून पाहावं. वर पांढरा पापुद्रा पायाखाली कुरकुरत मोडतो आणि त्याच्या दोन बोटं खाली माती ओलीगच्च, चिकट असते. उसाची उगवण विरळ, मधे मधे बोडक्या जागा, बांधाला लव्हाळा, आणि जे रान पडून राहिलंय तिथे वेडी बाभूळ. पाण्याची टंचाई या जमिनीने कधी पाहिलेली नाही. तिला पाणी जास्त झालं आणि आलेलं पाणी जायला वाट उरली नाही.

यातला हिशोब शेतकऱ्याने मांडून पाहावा असा आहे. पाटाने उसाला एकरी वर्षाला ऐंशी लाख लिटर पाणी दिलं आणि त्या पाण्यात लिटरमागे फक्त पाव ग्रॅम क्षार धरले, तर एका एकरात वर्षाला दोन टन क्षार येऊन पडतात. पाणी ऊस पितो आणि उन्हाने उडतं, क्षार मात्र चहाच्या किटलीत बसणाऱ्या पांढऱ्या थरासारखे मागे राहतात. निचरा चांगला असेल तर पावसाळ्यात ते धुऊन खाली ओढ्याला, नदीला जातात. निचरा बंद असेल तर भूजल वर येतं, आपल्याबरोबर क्षार पृष्ठभागावर आणतं आणि तिथे टाकून उडून जातं. म्हणजे गोड्या पाण्यानेच जमीन खारी होते, फक्त ते पाणी पुढे वाहिलं पाहिजे ही अट मोडली की.

आणि ती अट आपण हाताने मोडली आहे. जुने ओढे नांगराखाली घेतले. ओढ्याच्या तोंडाशी नदीकाठाला ज्या पाणथळ जागा होत्या, त्या भराव टाकून सपाट केल्या, काहींवर प्लॉट पडले. तिथे पावसाचं पाणी थोडं थांबायचं, जिरायचं, मग सावकाश नदीत उतरायचं. या जागा गेल्या आणि शेतातल्या पाण्याला उतरायला जागाच उरली नाही. आज तीच जमीन सुधारायची तर चार-पाच फूट खोल सच्छिद्र पाइप टाकून निचरा करावा लागतो. हे काम एकट्याच्या रानात होत नाही, कारण उताराने पाणी शेजाऱ्याच्या हद्दीतून ओढ्यापर्यंत न्यावं लागतं. शिरोळच्या दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने तिथल्या शेतकऱ्यांनी गट करून हे काम केलं आणि पडीक जमिनीत पुन्हा ऊस उभा केला. त्याचं जेवढं कौतुक करावं तेवढं कमीच. पण त्या पाइपांतून निघालेलं पाणीही खारवट असतं आणि ते शेवटी ओढ्याने कृष्णेतच जातं. नदी वाहती असेल तर ते पाणी तिच्यात मिसळून सौम्य होतं. नदीचं डबकं झालं असेल, तर शिरोळचं मीठ खालच्या गावाच्या जॅकवेलमध्ये, म्हणजे नदीतून पाणी उपसायच्या विहिरीत जातं.

मिठाचा दुसरा उगम इचलकरंजीत आहे आणि त्याच्याबद्दल आपण फारच कमी बोलतो. पंचगंगेचं प्रदूषण म्हटलं की फेस, वास, मेलेले मासे, केंदाळ एवढंच डोळ्यांसमोर येतं. पण सुती कापड रंगवताना रंग धाग्यावर बसावा म्हणून रंगाच्या पाण्यात लिटरला तीस ग्रॅमपासून शंभर ग्रॅमपर्यंत मीठ घालतात. गडद रंगाला जास्त. म्हणजे काही वेळा समुद्राच्या पाण्यापेक्षाही खारं पाणी. सांडपाणी प्रक्रिया केंद्रातल्या नेहमीच्या जैविक प्रक्रियेने घाण कमी होते, विरघळलेलं मीठ जसंच्या तसं राहतं. ते काढायला आरओ आणि बाष्पीभवनाची यंत्रणा लागते, तिला खर्च येतो, आणि त्या खर्चाचा भार एकट्या छोट्या प्रोसेसवाल्यावर टाकून चालणार नाही हेही मला मान्य आहे. पण समुद्रापासून इतक्या लांब, सह्याद्रीच्या अलीकडे राहून आपण खारं पाणी तयार करतो आणि नदीत सोडतो, हे आधी मान्य तरी करायला हवं.

नदी बिघडली की आपण काय करतो? वरच्या अंगाला सरकतो. इचलकरंजीने पंचगंगा बिघडल्यावर मजरेवाडीहून कृष्णेचं पाणी आणलं. मग वारणेचा प्रस्ताव आला, तिथल्या गावांनी विरोध केला. मग दूधगंगेवर सुळकूडचा आला, तिथेही विरोध झाला. कोल्हापूर शहराने काळम्मावाडीहून थेट पाइपलाइन टाकली आणि २०२३ च्या दिवाळीत ते पाणी शहरात आलं. शहराला स्वच्छ पाणी मिळालं, चांगलंच झालं. पण वर सरकण्याची ही सोय प्रत्येकाला नसते. नदीच्या मुखाशी जो राहतो, त्याच्यापर्यंत वरच्या सगळ्यांनी वापरून उरलेलंच पाणी येतं. त्याच्या मागे समुद्र असतो. तो कुठे सरकणार?

आता दारांचा मुद्दा. खारं पाणी अडवायचं तर नदीवर दारं बसवा, हा उपाय सगळ्यांना आधी सुचतो आणि काही ठिकाणी तो लागतोच. कोकणात खाडीच्या काठाने पिढ्यान्‌पिढ्या खारबंदिस्ती आहे, बांधाला उघाडी आहेत. ओहोटीला आतलं पाणी बाहेर जाऊ द्यायचं आणि भरतीला दार आपोआप बंद व्हायचं, अशी ती साधी रचना. ते बांध पडले की भातशेती जाते, म्हणून त्यांची डागडुजी झालीच पाहिजे. पण मोठ्या सरोवरावर नुसत्या दारांनी काय होतं, ते केरळात वेंबनाडला पाहावं. कुट्टनाडची भातशेती समुद्रसपाटीच्या खाली आहे. तिच्यासाठी १९७६ मध्ये तण्णीरमुक्कमचा बंधारा पुरा झाला. हिवाळ्यात दारं बंद, पावसाळ्याआधी उघडी. भात वाचला, पण बंद पाणी सडू लागलं, खारं पाणी आत आलं की जी पाणवनस्पती मरायची ती माजली, कोळंबी आणि काळे शिंपले घटले. दारं कोणत्या तारखेला उघडायची यावरून शेतकरी आणि मच्छीमार यांच्यात वर्षानुवर्षं भांडण आहे.

कोल्हापूरच्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. आपल्या जिल्ह्याच्या नावाचा बंधारा महाराष्ट्रभर आहे. पावसाळा सरला की खांबांच्या खाचांत बरगे, म्हणजे फळ्या उतरवायच्या, दोन ओळींमध्ये माती भरायची, पाणी तुंबवायचं, आणि जूनच्या आत बरगे काढायचे. बरगे घालायची तारीख चुकली तर रब्बी जाते, काढायची चुकली तर पूर काठावर येतो. आणि वरून वाहतं पाणीच नसताना बरगे बसवून ठेवले की काय होतं, तेही आपण तेरवाडला पाहिलंय. बंधाऱ्यामागे काळं पाणी तुंबतं आणि माशांचा खच पडतो. दार हे फक्त दार असतं. त्याच्या मागे येणारं पाणी नसेल तर ते बाहेरची घाण अडवतं आणि आतली साठवतं.

म्हणून तलाव आणि पाणथळ जागा वाचवायच्या तर पहिली गोष्ट वाहतं पाणी राखून ठेवण्याची. रंकाळ्यालाही हेच लागू आहे. पावसाचं स्वच्छ पाणी आणणाऱ्या वाटा अडवायच्या, सांडपाणी येऊ द्यायचं आणि मग केंदाळ काढायला दरवर्षी यंत्र लावायचं, हे कायमचं चालणार नाही.

या भूमिकेवर सगळ्यात खरा आक्षेप दुष्काळी भागाचा आहे. माण, खटाव, जतमध्ये लोक पिण्याच्या पाण्याला मोताद असताना तुम्ही पाणी समुद्राला सोडा म्हणता? त्या माणसाच्या वाट्याचं एक टिपूसही समुद्राला देऊ नये, असंच माझं म्हणणं आहे. पण त्याचं पाणी समुद्राने कधीच खाल्लं नाही. ते आपल्या पाटाच्या उसाने खाल्लं. पाटाऐवजी ठिबक केलं की उसाचं पाणी बरंच वाचतं, एकरी येणारे क्षारही तेवढेच घटतात, शिवाय जमीन चोपण व्हायचं थांबतं. वाचलेल्या पाण्यातून दुष्काळी भागालाही देता येतं आणि नदीलाही. पुराचं पाणी वळवायच्या योजना चालल्या आहेत, त्या व्हाव्यात. मात्र पुरातून किती वळवायचं हे ठरवताना नदीला किती ठेवायचं, हा आकडा त्याच कागदावर असला पाहिजे.

कायदा नाही असंही नाही. महाराष्ट्राच्या २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात बारमाही पिकांना कालव्याचं पाणी ठिबक किंवा तुषारनेच द्यावं, अशी तरतूद आहे. पाणी घनमीटरने मोजून द्यावं हेही त्यातलं तत्त्व आहे. आपल्याकडे उपसा योजनांवर जलमापक बसवायला मोठा विरोध झाला, कारण त्याच सुमारास पाणीपट्टीही एकदम अनेक पटींनी वाढवली गेली. तो राग रास्त होता. शेतकऱ्याला ठिबकला मदत न देता आधी दर वाढवणं चुकीचंच. पण मोजमाप आणि दर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्याच ठेवल्या पाहिजेत. पाणी मोजल्याशिवाय ते वाचलं की नाही हे कुणालाच कळणार नाही, आपल्यालाही नाही. मला वाटतं, उपसा संस्थांनी स्वतःहून मोजमाप मागावं आणि त्या बदल्यात ठिबकचं अनुदान व क्षारपड जमिनीच्या निचऱ्याचा खर्च सरकारकडून भांडून घ्यावा. हे भांडण करण्याइतकी ताकद आपल्या सहकारात आहे.

ओढ्यांचंही आहे. शिरोळ आणि हातकणंगल्याच्या प्रत्येक गावाच्या जुन्या नकाशात ओढा दाखवलेला असतो. तो मोजून मोकळा करणं, त्याच्या तोंडाशी उरलेली पाणथळ जागा गावठाणाच्या प्लॉटिंगमधून वगळणं, हे ग्रामपंचायत आणि महसूल खातं मिळून करू शकतं. २०१७ च्या केंद्राच्या पाणथळ नियमांत नदीपात्र, पिण्यासाठी किंवा सिंचनासाठी बांधलेले तलाव वगळले आहेत, म्हणजे आपल्या बहुतेक तलावांना त्या नियमांचा आधार घेता येणार नाही. त्यामुळे ही राखण स्थानिक ठरावांनीच करावी लागेल.

आणि सगळ्यात आधी एक प्रश्न. दरवर्षी ऑक्टोबरनंतर कालवा सल्लागार समितीची बैठक होते, आवर्तनं ठरतात, उन्हाळ्यात उपसाबंदीचे दिवस ठरतात. शिरोळच्या बंधाऱ्याखालून मे महिन्यात किती पाणी पुढे वाहिलं पाहिजे, हे या वर्षीच्या बैठकीत आपल्या आमदारांनी विचारावं, तो आकडा इतिवृत्तात लिहून घ्यावा, आणि बाकीची वाटणी त्यानंतर करावी.